डॉस, नेटवर्क कार्ड आणि मोडलेले बीम

(अंतिम वर्ष, संगणक)

'डॉसवर नेटवर्क कार्ड कसं चालवायचं' असा लेख आजच्या काळात कोण वाचणार, हा प्रश्न आमच्या संपादक मंडळानेही विचारला होता. उत्तर सोपं आहे. ज्यांच्या डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये कोपऱ्यात पिवळट पडलेला एक कॉम्प्युटर अजून चालू आहे आणि ज्यावर 'हात लावू नये' अशी पाटी आहे, त्या सगळ्यांनी वाचावा. असा कॉम्प्युटर मोठ्या मशिनला जोडलेला असतो. मशिन लाखांचं असतं, म्हणून ते बदलत नाहीत. आणि मशिन बदलत नाही म्हणून कॉम्प्युटरही बदलत नाही.

आमच्या कॉलेजातला हा प्राणी सिव्हिलच्या मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये आहे. ४८६ प्रोसेसर, ८ एमबी रॅम, एमएस-डॉस ६.२२. तो युनिव्हर्सल टेस्टिंग मशिनची रीडिंग घेतो. माझा रूम पार्टनर सिव्हिलचा. त्याच्या ग्रुपने प्रोजेक्टसाठी फ्लाय ॲश घातलेल्या काँक्रीटचे ३६ बीम ओतले, २८ दिवस आणि ९० दिवस पाण्यात ठेवले आणि एकेक करून मोडले. सगळी रीडिंग त्या ४८६ च्या हार्ड डिस्कवर. फेब्रुवारी उजाडला आणि डिस्क टक-टक आवाज करायला लागली.

आता हे लक्षात घ्या. प्रोग्राम उडाला तर पुन्हा लिहिता येतो, जर्नल हरवलं तर पुन्हा उतरवता येतं (आपण सगळे त्यात तरबेज आहोतच). पण मोडलेला बीम पुन्हा मोडता येत नाही. नवा ओतायचा म्हटलं तर ९० दिवस, आणि सबमिशनला राहिलेले दिवस ५०.

बाकीचे मार्ग का नाही?

हुशार वाचक इथेच हात वर करतील, म्हणून आधीच सांगतो. एका बीमची एक फाइल, साधारण १.१ एमबी. म्हणजे एका १.४४ एमबीच्या फ्लॉपीत एकच बसते. यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह पैदा करून आम्ही दोन संध्याकाळी ११ फाइल बाहेर काढल्याही. मग ४८६ चा ड्राइव्ह फ्लॉपीच्या आतल्या ट्रॅकवर अडखळायला लागला. शंभर-दोनशे केबीची छोटी फाइल सुखरूप जायची, मोठी म्हटली की 'ॲबॉर्ट, रिट्राय, फेल?'. झिप करून पाहिलं, पण ती त्या सॉफ्टवेअरची बायनरी फाइल, फारशी लहान होईना. शंभर केबीचे तुकडे करायचे तर उरलेल्या २५ फाइलींच्या पावणेतीनशे फेऱ्या.

हार्ड डिस्क काढून यूएसबी ॲडॉप्टरला लावावी, तर एवढ्या जुन्या आणि लहान डिस्क बरेचसे ॲडॉप्टर ओळखतच नाहीत. आमच्याही ॲडॉप्टरने ओळखली नाही. सिरियल केबलने दोन कॉम्प्युटर जोडणं हा चांगला मार्ग, पण एक सिरियल पोर्ट मशिनच्या कंट्रोलरला जोडलेला आणि दुसरा कधीचा जळालेला. उरलं नेटवर्क कार्ड. ते इलेक्ट्रॉनिक्सच्या भंगार खोलीत मिळालं: आयएसए स्लॉटचं, एनई२००० जातीचं, रियलटेक ८०१९ चिपचं. मागे आरजे-४५ चं भोकही होतं आणि जुन्या कोॲक्स केबलचं गोल बीएनसी तोंडही.

पुढे सांगतो ते सगळे धडे आम्ही ठेच खाऊन शिकलो. (डॉसच्या आज्ञा या विभागाच्या रिवाजाप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.)

आधी थोडी थिअरी

विंडोज किंवा लिनक्समध्ये कार्ड लावलं की ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः ओळखते, जागा देते, ड्रायव्हर चढवते. डॉस यातलं काहीच करत नाही. डॉसला नेटवर्क ही गोष्टच माहीत नाही. त्यामुळे तीन मजले आपल्यालाच बांधावे लागतात.

पहिला मजला कार्डाचा. कार्डाला दोन गोष्टी लागतात: आय-ओ पोर्टचा पत्ता आणि इंटरप्टची लाइन, म्हणजे आयआरक्यू. पत्ता म्हणजे प्रोसेसर कार्डाशी कुठल्या दारातून बोलणार ते. आयआरक्यू म्हणजे 'पॅकेट आलंय, बघ' हे सांगायला कार्ड कुठली घंटा वाजवणार ते. मायक्रोप्रोसेसरच्या पेपरात ८२५९ आपण सगळ्यांनी घोकलाय. पीसीमध्ये तसे दोन असतात, दुसरा पहिल्याच्या लाइन २ वर लटकवलेला, म्हणून एकूण घंटा ० ते १५. आयएसए बसवर एक घंटा दोघांनी वाजवायची सोय नाही. जी रिकामी असेल तीच घ्यावी लागते.

दुसरा मजला ड्रायव्हरचा. डॉसवर ड्रायव्हरची तीन घराणी आहेत, आणि अर्धा गोंधळ इथेच होतो. नॉव्हेलच्या नेटवेअरसाठी ओडीआय, मायक्रोसॉफ्टच्या नेटवर्क क्लायंटसाठी एनडीआयएस, आणि तिसरं पॅकेट ड्रायव्हर. पॅकेट ड्रायव्हरचे नियम एफटीपी सॉफ्टवेअर नावाच्या कंपनीने १९८६ मध्ये ठरवले. त्यानुसार ड्रायव्हर मेमरीत बसतो आणि ०एक्स६० ते ०एक्स८० यांपैकी एका सॉफ्टवेअर इंटरप्टवर हजर राहतो.

तिसरा मजला टीसीपी-आयपीचा. त्यासाठी मायकेल ब्रुटमन यांचा एमटीसीपी हा फुकट मिळणारा संच आहे. त्यात पिंग, डीएचसीपी, एफटीपी वगैरे छोटे छोटे प्रोग्राम आहेत, लहानशा रॅममध्ये चालतात आणि त्यांना पॅकेट ड्रायव्हरच लागतो.

मायक्रोसॉफ्टचा क्लायंट का नाही? कारण तो फाइल शेअर करायची जी जुनी भाषा बोलतो, एसएमबीची पहिली आवृत्ती, ती विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०९ या आवृत्तीपासून सहसा बंद ठेवलेली असते. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय याच दारातून शिरला होता. एका ४८६ साठी आपल्या लॅपटॉपवर ते दार पुन्हा उघडणं शहाणपणाचं नाही. एफटीपी पुरे.

आता नियम एकच: एका वेळी एकच मजला तपासायचा. खालचा मजला पक्का झाल्याशिवाय वर चढायचं नाही. आम्ही पहिल्या दिवशी नेमकं उलटं केलं.

धडा १ : कार्ड लावण्याआधी शेजारी कोण ते विचारा

पहिल्या दिवशी उत्साहात झाकण उघडलं, रिकाम्या स्लॉटमध्ये कार्ड खोचलं, मशिन चालू केलं. कॉम्प्युटर नीट सुरू झाला. आम्ही खूष. लॅब असिस्टंट काकांनी सवयीने रीडिंगचं सॉफ्टवेअर उघडलं आणि गप्प झाले. मग म्हणाले, "पोरांनो, मशिनवर माशीसुद्धा बसलेली नाही आणि हा चौदा किलोन्यूटन दाखवतोय."

आमच्या पोटात गोळा आला. कार्ड काढलं, पुन्हा शून्य. लावलं, पुन्हा चौदा.

कारण असं. एनई२००० जातीची कार्डं कारखान्यातून बहुधा ३०० हेक्स या पत्त्यावर बसवलेली येतात. हे कार्ड सलग ३२ पत्ते व्यापतं, म्हणजे ३०० ते ३१एफ. नेमकी हीच जागा मूळ आयबीएम पीसीमध्ये प्रयोगाच्या कार्डांसाठी राखून ठेवलेली होती. त्यामुळे मोजमापाची कार्डं बनवणारे बरेच जण तीच वापरायचे. आमचं रीडिंग घेणारं कार्डही ३०० वरच. प्रोसेसर विचारतो, "३००, लोड किती?" आणि दोन कार्डं एकदम उत्तर देतात. तो जे ऐकतो ते दोघांचंही नसतं.

यातली भीती नीट समजून घ्या. कार्ड चाललं नाही तर निदान कळतं. इथे सगळं 'चालत' होतं, फक्त आकडा खोटा होता. काका बघत नसते आणि त्या दिवशी कुणी बीम मोडला असता, तर चौदा किलोन्यूटन जास्तीचा निष्कर्ष कुणाच्या तरी रिपोर्टात बाइंड होऊन गेला असता.

सुटका काकांच्याच वहीने केली. मशिन बसवायला आलेल्या इंजिनिअरने तेव्हा जे सांगितलं ते काकांनी तारखेसह लिहून ठेवलं होतं: 'कार्ड ३००, लाइन ५'. वही मिळाली नाही तर डॉसबरोबर येणारा एमएसडी हा प्रोग्राम चालवा. कुठली घंटा कोणाकडे आहे, याचा बराचसा अंदाज तो देतो. पण अनोळखी कार्डं त्याला कळत नाहीत, म्हणून कार्डावरचे जंपर आणि डिप स्विच डोळ्यांनी बघणं सुटत नाही.

साधारण वाटणी अशी असते. ३ कॉम-२ ची, ४ कॉम-१ ची, ५ साउंड कार्ड किंवा दुसऱ्या प्रिंटरची, ६ फ्लॉपीची, ७ प्रिंटरची, १४ हार्ड डिस्कची, १५ दुसऱ्या आयडीई चॅनेलची. १० आणि ११ बहुधा रिकाम्या. पत्त्यांमध्ये ३००, ३२०, ३४० आणि ३६० असे पर्याय असतात. त्यातला ३६० टाळा. ३२ पत्ते मोजले की तो ३७एफ पर्यंत जातो, आणि ३७८ वर प्रिंटर पोर्ट बसलेला असतो.

आम्ही ठरवलं: पत्ता ३४०, घंटा १०.

धडा २ : कार्डाला आधी जागा नेमून द्या

रियलटेक ८०१९ च्या कार्डावर जंपर नसतात. जागा कार्डातल्याच एका छोट्या मेमरीत लिहिलेली असते आणि ती बदलायला आरसेट८०१९ नावाचा प्रोग्राम लागतो. (३कॉमच्या ३सी५०९ साठी ३सी५एक्स९सीएफजी. प्रत्येक जातीचा असा एक असतो.) तो लहान असतो, म्हणून आमच्या अडखळणाऱ्या फ्लॉपीवरूनही गेला.

हा प्रोग्राम चालवताना तीन गोष्टी पाळा. एक, ज्याच्याशी भांडण आहे ते कार्ड तेवढ्यापुरतं काढून ठेवा. काकांच्या देखत, स्लॉट नंबर लिहून. दोन, कॉम्प्युटर सुरू होताना 'स्टार्टिंग एमएस-डॉस' दिसलं की एफ५ दाबा. मग कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट दोन्ही टळतात आणि मेमरी मॅनेजर वगैरे मध्ये येत नाहीत. तीन, कार्ड 'प्लग अँड प्ले' वर असेल तर तिथून 'जंपरलेस' वर आणा. प्लग अँड प्ले म्हणजे 'मला कुणीतरी जागा द्या' असं म्हणत बसणारं कार्ड. ४८६ च्या जुन्या बायोसला ते कळत नाही, डॉसला तर नाहीच. मग कार्ड बसून राहतं आणि आपण ड्रायव्हरला शिव्या देतो.

इथेच आणखी एक सेटिंग असतं: केबल कुठली. आमचं कार्ड बीएनसीवर ठेवलेलं होतं, म्हणजे त्याच्या तरुणपणी ते कोॲक्सवर काम करत असणार. ते १०बेस-टी वर, म्हणजे आरजे-४५ वर आणलं. मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. नुसतं रीसेट नको, बटण बंद. आरसेटमधली तपासणी चालवली, पास झाली. रीडिंगचं कार्ड परत त्याच स्लॉटमध्ये. सॉफ्टवेअर उघडलं: शून्य. काकांनी एक ओळखीचा लोखंडी बार लावून थोडा ताणला, वहीतल्या जुन्या आकड्याशी ताडून पाहिला आणि मगच मान हलवली. हे ताडून बघणं आमच्या डोक्यातही आलं नव्हतं.

धडा ३ : एकच नाव, दोन माणसं

आता ड्रायव्हर. आमच्या ४८६ च्या डिस्कवर एनई२०००.कॉम नावाची फाइल आयतीच सापडली. म्हटलं, नशीब! चालवली, तर तक्रार: एलएसएल चढवलेला नाही. एलएसएल म्हणजे काय यात एक संध्याकाळ आणि चार कटिंग गेले.

झालं होतं असं की हा कॉम्प्युटर पूर्वी कॉम्प्युटर सेंटरच्या नेटवेअर नेटवर्कवर होता. तेव्हाचा ओडीआय घराण्याचा ड्रायव्हर डिस्कवर राहिला होता. त्याचं नाव एनई२०००.कॉम. आणि क्रिनवर संचातला जो पॅकेट ड्रायव्हर आम्हाला हवा होता, त्याचंही नाव एनई२०००.कॉम! पहिल्याला आधी एलएसएल लागतो, नेट.सीएफजी फाइल लागते, नंतर आयपीएक्सओडीआय लागतो. दुसऱ्याला यातलं काही लागत नाही. म्हणून नावावर जाऊ नका. नवी वेगळी डिरेक्टरी करा, त्यातच सगळं ठेवा आणि पूर्ण पाथ देऊन चालवा. नाहीतर पाथमध्ये आधी कोण सापडतो यावर तुमचं भविष्य ठरतं.

धडा ४ : ३४० म्हणजे नक्की किती?

योग्य ड्रायव्हर मिळाला. आज्ञा दिली:

एनई२००० ०एक्स६० १० ३४०

ड्रायव्हरने कार्डाचा इथरनेट पत्ता छापला: एफएफ:एफएफ:एफएफ:एफएफ:एफएफ:एफएफ. सगळं एफएफ दिसलं की समजायचं, त्या दारामागे कुणीच नाही. रिकाम्या पोर्टवर वाचलं की साधारणपणे एफएफच येतं.

चूक एका अक्षराची. हे ड्रायव्हर आकडे सी भाषेच्या पद्धतीने वाचतात. पुढे ०एक्स असेल तर हेक्स, नसेल तर साधा दशमान. आम्ही लिहिलेलं ३४० त्याने दशमान धरलं, म्हणजे हेक्समध्ये १५४. तो भलत्याच दारावर टकटक करत होता. बरोबर आज्ञा:

एनई२००० ०एक्स६० १० ०एक्स३४०

आणि उलटा अतिरेकही नको. आता सगळीकडेच ०एक्स लावू म्हणून घंटा ०एक्स१० लिहिली तर ती होते १६, आणि घंटा तर १५ पर्यंतच आहेत. ड्रायव्हर सुरू झाल्यावर पत्ता आणि घंटा दोन्ही पद्धतींत छापतो, ते वाचा. ०एक्स३४० समोर कंसात ८३२ दिसलं पाहिजे. आम्ही पडद्यावरचा मजकूर न वाचताच एंटर मारत होतो, हे इथे कबूल करतो.

एक शॉर्टकट: शंका असेल तर डॉसच्या डीबगमध्ये जाऊन 'आय ३४०' द्या. डीबग मात्र आकडे हेक्सच धरतो. एफएफ आलं तर बहुधा जागा रिकामी. पण हे फक्त नेटवर्क कार्डाच्या पत्त्यावर करा. मोजमापाच्या कार्डाला असं चाचपडू नका, काही कार्डांवर नुसतं वाचणं हीसुद्धा आज्ञा असते.

धडा ५ : दिवा लागला, तरी पत्र येईना

लॅपटॉप आणि ४८६ यांच्यात एक साधा छोटा स्विच ठेवला. स्विचवरचा दिवा लागला. तो लागला नसता तर कार्डाचं केबल सेटिंग, केबल आणि पोर्ट असे तीन संशयित होते. हे कार्ड १० एमबीपीएसचं. साध्या स्विचला ते चालतं, पण काही नव्या जास्त वेगाच्या पोर्टना १० एमबीपीएस येतच नाही, हे ध्यानात असू द्या.

एमटीसीपीची सेटिंग फाइल केली. त्यातल्या कामाच्या ओळी अशा:

पॅकेटइंट ०एक्स६०
आयपीॲडर १९२.१६८.५०.२
नेटमास्क २५५.२५५.२५५.०

आणि ही फाइल कुठे आहे ते सांगायला ऑटोएक्झेकमध्ये 'सेट एमटीसीपीसीएफजी=' लिहून पुढे फाइलचा पूर्ण पाथ. लॅपटॉपला १९२.१६८.५०.१. पिंग मारलं: टाइमआउट. पुन्हा टाइमआउट. रात्रीचे साडेनऊ, मेस बंद, वॉचमन किल्ल्या वाजवतोय.

दोन संशयित होते. पहिला लॅपटॉपचा फायरवॉल. विंडोज अनोळखी नेटवर्कवर पिंगला उत्तर देत नाही. उलट्या बाजूने लॅपटॉपवरून पिंग करावं, तर डॉसमध्ये टीसीपी-आयपी मागे चालू राहत नाही. एमटीसीपीचा एखादा प्रोग्राम चालू असेल तेवढ्यापुरतंच ते जिवंत असतं. म्हणून फायरवॉलमध्ये पिंगला परवानगी दिली. तरी टाइमआउट.

मग आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीने फोनवर सुचवलं, "लॅपटॉपवर एआरपी -ए करून बघ ना." केलं, आणि यादीत ४८६ च्या कार्डाचा पत्ता चक्क हजर! म्हणजे ४८६ चा आवाज लॅपटॉपला ऐकू येत होता. लॅपटॉपचं उत्तर ४८६ ला ऐकू येत नव्हतं. जायचं बरोबर, यायचं बंद. हे घंटेच्या चुकीचं लक्षण. पॅकेट पाठवायला प्रोसेसर स्वतः कार्डाकडे जातो. पण आलेल्या पॅकेटसाठी कार्डाने घंटा वाजवावी लागते, आणि ड्रायव्हर भलत्याच घंटेशी कान लावून बसला असेल तर पत्र पेटीतच पडून राहतं.

बॅच फाइल उघडली. आदल्या दिवशी माहितीच्या फाइलमधून नमुना चिकटवताना घंटा ३ राहून गेली होती. हाताने आज्ञा देताना १०, बॅच फाइलमध्ये ३. बदललं, रीबूट केलं, पिंग मारलं. उत्तर आलं. आम्ही ओरडलो ते ऐकून वॉचमनमामा धावत आले.

(तुमचा कॉम्प्युटर पेंटियम असेल आणि पीसीआय स्लॉटही असतील, तर घंटा बरोबर देऊनही असंच होऊ शकतं. तेव्हा बायोसमध्ये जाऊन ती घंटा आयएसएसाठी राखून ठेवा.)

धडा ६ : माल हलवताना

लॅपटॉपवर एफटीपी सर्व्हर, ४८६ वर एमटीसीपीचा एफटीपी. आत गेल्यावर पहिली आज्ञा 'बिन'. बायनरी फाइल मजकूर समजून पाठवली तर ती वाटेत बिघडते आणि तेही नंतर कळतं. मग 'एमपुट' देऊन सगळ्या फाइल. उरलेल्या २५ फाइल, सुमारे साडेसत्तावीस एमबी, कटिंग संपायच्या आत आल्या. आधी फ्लॉपीने आणलेल्या ११ सुद्धा पुन्हा आणल्या आणि जुन्या प्रतींशी जुळवून पाहिल्या. प्रत्येक फाइलचा आकार बाइटपर्यंत ताडला. ३६ पैकी ३६.

त्यानंतर दोन कामं केली. एक, मेमरी. रीडिंगच्या सॉफ्टवेअरला ६४० केबीमधली बरीच जागा लागते, ड्रायव्हर कायम चढवून ठेवणं बरं नाही. एमएस-डॉसमध्ये ६.० पासून कॉन्फिग.सिसमध्ये मेनू करता येतो. आमचा आता विचारतो: '१ टेस्टिंग, २ फाइल पाठवणे'. काही न दाबता थांबलं तर टेस्टिंग. म्हणजे मोजताना नेटवर्कचा ड्रायव्हर मेमरीत नसतोच.

दोन, हद्द. हा कॉम्प्युटर फक्त त्या छोट्या स्विचला जोडायचा, कॉलेजच्या नेटवर्कला किंवा हॉस्टेलच्या वायफायला नाही. एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो, आणि डॉसमध्ये कुणाला अडवायची सोयच नाही.

थोडक्यात, भिंतीवर लावण्यासाठी

– कार्ड लावल्यावर दुसरं उपकरण वेडं वागतं: पत्त्याचं भांडण. कार्ड हलवा, ३६० टाळा.
– सेटअप प्रोग्रामला कार्ड सापडत नाही: एफ५ ने सुरू करा, प्लग अँड प्ले बंद करा, कार्ड स्लॉटमध्ये पूर्ण बसलंय का बघा.
– एलएसएल मागतो: ओडीआयचा ड्रायव्हर आहे, पॅकेट ड्रायव्हर नाही.
– इथरनेट पत्ता सगळा एफएफ: पोर्टचा पत्ता चुकला, बहुधा ०एक्स राहिलं.
– पत्ता बरोबर, दिवा बंद: केबल, पोर्ट किंवा बीएनसी-आरजे-४५ चं सेटिंग.
– दिवा चालू, एआरपीत नाव दिसतं, पिंगला उत्तर नाही: आयआरक्यू किंवा फायरवॉल.
– सगळं चालतं, पण जुना प्रोग्राम मेमरी नाही म्हणतो: कॉन्फिग.सिसमध्ये मेनू करा.

डिस्क अजून टक-टक करते. पण आता दर शनिवारी काका '२' दाबतात आणि आठवड्याच्या फाइल एका जुन्या लॅपटॉपवर जातात. प्रोजेक्ट वेळेत सबमिट झाला. एक्स्टर्नलने ९० दिवसांच्या आलेखावर बोट ठेवून अर्धा तास प्रश्न विचारले, त्याची कथा सिव्हिलवाले सांगतील.

झाकण बंद करताना काकांनी आतल्या बाजूला एक स्टिकर लावायला सांगितला: 'रीडिंग कार्ड ३००, लाइन ५. नेटवर्क कार्ड ३४०, लाइन १०. आरजे-४५.' खाली तारीख. मी म्हटलं, "काका, हे तर आम्हाला पाठ झालंय." ते म्हणाले, "तुम्ही जूनमध्ये जाणार. मशिन इथेच राहणार आहे."

तर मंडळी, तुमच्या लॅबमधल्या 'हात लावू नये' वाल्या कॉम्प्युटरला लावायचाच झाला हात, तर आधी तिथल्या काकांची वही मागा. आणि काम झालं की त्या वहीत एक ओळ तुम्हीही लिहा.

ता.क. : आरसेट, पॅकेट ड्रायव्हर आणि एमटीसीपी असलेली फ्लॉपी मटेरियल लॅबच्या कपाटात डाव्या खणात ठेवली आहे. नेलीत तर परत आणून ठेवा. चालणाऱ्या फ्लॉपी आता मोजून चारच उरल्यात.